छोट्या ट्रॅक्टरचा खोदणारा हात : आधी वही, मग खरेदी



उन्हाळी कामांचे दिवस जवळ आले की गावोगावच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, छोटा ट्रॅक्टर घेतोय. त्याच्या मागं जेसीबीसारखा खोदणारा हात बसवून मिळतो म्हणतात. घ्यावा का?" विचारणारा बहुधा घरातला तरुण मुलगा असतो आणि वडील शेजारी गप्प बसलेले असतात. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ आपण सर्वजण जाणतो. यंत्र एकाच्या हौसेने येते, पण हप्ता साऱ्या घराला फेडावा लागतो. म्हणून आजचे हे सदर घरातल्या सर्वांनी, विशेषतः घराचा जमाखर्च सांभाळणाऱ्या भगिनींनी, अवश्य वाचावे.

हे यंत्र आहे तरी काय?

छोटा ट्रॅक्टर म्हणजे साधारण १५ ते ३० अश्वशक्तीचा. डाळिंब, द्राक्ष, लिंबूवर्गीय फळबागा आणि उसाची आंतरमशागत यांसाठी तो आता आपल्याकडे चांगला रुळला आहे. त्याच्या पाठीमागे सांध्यांनी जोडलेला एक लोखंडी हात आणि हाताच्या टोकाला दातेरी बकेट असते. हा हात माती आपल्याकडे ओढून खोदतो. यालाच बॅकहो म्हणतात. पुढच्या बाजूला माती, खत उचलायची रुंद बकेट असते, तिला लोडर म्हणतात. दोन्ही कामे तेलाच्या दाबावर, म्हणजे हायड्रोलिकवर, चालतात.

खोदणारे कोणतेही पिवळे यंत्र दिसले की आपण त्याला 'जेसीबी' म्हणतो. ते खरे तर एका इंग्रज कंपनीचे नाव आहे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या या कंपनीने आपले पहिले बॅकहो लोडर १९५३ साली काढले, आणि हरियानातील बल्लभगड येथे तिचे उत्पादन १९७९ पासून सुरू झाले. पुढे हे यंत्र इतके सर्वत्र पोचले की कंपनीचे नाव यंत्रालाच चिकटले. पण याच नावामुळे छोट्या ट्रॅक्टरच्या बाबतीत मोठी फसगत होते. 'छोटी जेसीबी' म्हटले की वाटते, मोठीचेच काम ही करील, फक्त थोडे हळू. तसे मुळीच नाही.

मोठ्या यंत्राचे वजन साडेसात टनांच्या आसपास असते आणि त्याचा हात १५ फुटांच्या पुढे खोल जातो. छोट्या ट्रॅक्टरवरचा हात ६ ते ८ फुटांपर्यंत पोचतो, आणि त्याच्या अरुंद बकेटमध्ये एका वेळी दोन-तीन घमेली माती मावते. बैलगाडी आणि मालमोटार यांत जेवढा फरक, तेवढाच हा समजा. दोन्हींची गरज असते, पण एकीचे काम दुसरीवर लादू नये.

कोणते काम कोणाचे

छोट्या बॅकहोने साध्या मातीत तासाला सुमारे ४ घनमीटर खोदाई होते असे धरू. जमीन मुरमाड असेल तर याहून कमी होईल. एक गडी दिवसभरात साधारण २ घनमीटर माती काढतो. म्हणजे दोन गड्यांचे दिवसाचे काम हे यंत्र तासात करते. मजूर मिळत नाहीत अशा काळात ही गोष्ट लहान नाही.

आता शेततळ्याचा विचार करा. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर आणि बाजूंना दीडास एक असा उतार असलेल्या तळ्यातून १,९७१ घनमीटर माती निघते. ती तासाला ४ घनमीटरने काढायची तर ४९० तासांहून अधिक वेळ लागेल. रोज ८ तास चालवले तरी दोन महिने जातील. तोवर पाऊस येईल, आणि यंत्राच्या खिळी-सांध्यांचे आयुष्यही एका तळ्यात निम्मे संपेल. तळे, विहीर, मोठा बंधारा, ओढ्याचे खोलीकरण ही कामे भाड्याच्या मोठ्या यंत्राचीच आहेत. तेथे छोट्याला घालू नये.

मग छोट्याचे काम कोणते? जे मोठे यंत्र करू शकत नाही किंवा करायला येत नाही ते. ठिबकच्या मुख्य पाइपसाठी अरुंद चर काढणे. फुटलेली पाइपलाइन उघडी करणे. उसाच्या फडाकडेचा बुजलेला निचऱ्याचा चर साफ करणे. मर रोगाने गेलेले डाळिंबाचे झाड मुळासकट काढणे आणि बागेतल्या नांग्यांसाठी खड्डे घेणे. गोठ्यामागे शोषखड्डा काढणे. पुढच्या बकेटने शेणखत भरणे, कंपोस्टचा ढीग परतणे. अशा दोन तासांच्या कामाला मोठ्या यंत्राचा मालक येत नाही. आला तर येण्याजाण्याचे पैसे वेगळे घेतो, आणि साडेसात टनांची चाके बागेच्या ओळींतून फिरली की जमीन दबून जाते ती वेगळीच.

फळबागेच्या खड्ड्यांचे गणितही पाहून ठेवा. आंब्याचे १० बाय १० मीटरवर एकरी ४० खड्डे होतात, प्रत्येक एक मीटर लांब, रुंद व खोल. हे काम छोट्या बॅकहोने दोन दिवसांत आटोपते आणि उत्तम होते. डाळिंबाचे साडेचार बाय तीन मीटरवर एकरी सुमारे ३०० खड्डे होतात, प्रत्येक दोन फुटांचा. येथे खोदण्यापेक्षा वेळ जातो तो प्रत्येक खड्ड्यापाशी ट्रॅक्टर उभा करून आधाराचे पाय टेकवण्यात. नवीन बाग लावायची असेल तर दोन ओळींतून लांबच लांब चर घेणे किंवा खड्डे पाडणारा ऑगर भाड्याने आणणे अधिक सोयीचे.

द्राक्षबागायतदारांना एक सूचना. घडी केलेला बॅकहोचा हात ट्रॅक्टरच्या मागे उंच उभा राहतो. मांडवाची तार किती उंचीवर आहे आणि घडी केलेला हात किती उंच आहे, हे टेपने मोजल्याशिवाय मांडवाखाली जाऊ नका. पुष्कळदा ट्रॅक्टर आत जातो, हात जात नाही.

हिशेब पैशाचा

आता मूळ मुद्दा. ट्रॅक्टर रोजच्या मशागतीला लागतोच, म्हणून त्याचा खर्च बाजूला ठेवू. फक्त मागचा हात आणि पुढचे लोडर यांचा हिशेब करू. किंमती ठिकाणपरत्वे बदलतात, म्हणून पुढील आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी आहेत. तुमच्या हाती आलेले दरपत्रक त्यांच्या जागी घाला.

समजा दोन्ही मिळून ४ लाख रुपये पडले. दहा वर्षांनी विकल्यास ४० हजार आले, तर दर वर्षी ३६ हजार रुपये घसारा झाला. सरासरी अडकलेल्या २ लाख २० हजारांवर दहा टक्क्यांनी व्याज २२ हजार. ग्रीस, होज पाइप, दाते, खिळी-बुश आणि विमा यांना १४ हजार धरा. एकूण वर्षाला ७२ हजार रुपये. यंत्र शेडमध्ये झाकून ठेवले तरी यातला बहुतेक खर्च चुकत नाही.

वर्षात ६० तास काम झाले तर तासाला १,२०० रुपये पडले. १२० तास झाले तर ६०० रुपये आणि २४० तास झाले तर ३०० रुपये. काम वाढले की झीज व दुरुस्ती थोडी वाढेल, शिवाय डिझेल आणि चालकाची मजुरी निराळी. पण यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्र महाग की स्वस्त हे दुकानातल्या किमतीवरून ठरत नाही, तुमच्या शेतात त्याला किती तास काम आहे यावरून ठरते. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. येथे अंथरूण म्हणजे कामाचे तास.

एका घरातली वही

हे तास मोजायचे कसे? अंदाजाने मोजू नका. अंदाज करताना माणूस मनात यंत्र घेऊन बसलेला असतो, आणि मग प्रत्येक खड्डा त्याला मोठा दिसू लागतो. एक वर्षभर वही ठेवा.

माझ्या माहितीतल्या एका घरात, चार एकर ऊस आणि दोन एकर डाळिंब असलेल्या, अशी वही सूनबाईंनी ठेवली. मुलाने दरपत्रक आणले होते, बँकेत बोलणेही झाले होते. थोरले म्हणाले, "एक साल थांबू. काम किती निघतं ते लिहून काढू." वर्षअखेरीस ओसरीवर सगळे बसले.

"वाच बघू, सूनबाई," आबा म्हणाले.

"पाइपलाइनचा सहाशे फूट चर, सोळा तास. उसाकडचा चर साफ करणं, पंधरा तास. मर लागलेली चाळीस झाडं काढणं, आठ तास. त्या जागी खड्डे, पाच तास. शोषखड्डा आणि खताचा खड्डा, सहा तास. ओढ्याकडचा फुटलेला बांध, दहा तास. सगळे मिळून साठ होतात, आबा."

"आणि शेततळं?"

"ते धरलं नाही. ते मोठ्या मशिनीचं काम."

मुलगा थोडा हिरमुसला. त्याची चूक नव्हती. मजुरांच्या मागे फिरून तो खरोखर थकला होता. पण साठ तासांसाठी चार लाखांचे कर्ज, तेही जमिनीच्या उताऱ्यावर बोजा चढवून, हे कोणालाच पटेना. शेवटी वाट सूनबाईंनीच सुचवली. "शेजारच्या दोन घरांतही एवढंच काम असणार. तिघांत मिळून घेतलं तर?" तीन घरांचे मिळून १८० तास झाले आणि तासाचा स्थिर खर्च १,२०० वरून ४०० रुपयांवर आला.

आपल्या शेतीत ही गोष्ट नवी नाही. एक बैल असणाऱ्यांनी सावड करायची, अडलेल्याची पेरणी इर्जिकीने उरकायची, ही रीत आपल्या वाडवडिलांनी घालून दिलेली आहे. यंत्राची सावड करताना मात्र चार गोष्टी कागदावर लिहून सह्या करा. ट्रॅक्टर कोणाच्या नावावर, चालवणार कोण, तासाचा दर आणि दुरुस्तीचा निधी किती, आणि पाळी कशी लावायची. चालक शक्यतो एकच ठेवा. तीन हातांत गेलेले यंत्र कोणाचेच राहत नाही. भाड्याने चालवण्याचा विचार असेल तर विमा कंपनीला आधी लेखी विचारा, कारण शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर इतर कामावर असताना अपघात झाला तर दावा अडू शकतो. ट्रॅक्टर व अवजारांच्या अनुदानासाठी आपल्या राज्यात महाडीबीटीवर अर्ज करावा लागतो. कोणत्या जोडणीला अनुदान बसते हे खरेदीपूर्वी कृषी कार्यालयात विचारून घ्या. खरेदी आधी आणि चौकशी मागून, असे करू नका.

घेताना काय पाहावे

पहिली गोष्ट, जोडणी. बॅकहो दोन प्रकारे बसवतात. एका प्रकारात तो नांगरासारखा तीनबिंदू जोडणीला अडकवतात. दुसऱ्यात ट्रॅक्टरच्या पोटाखालून मजबूत लोखंडी चौकट नेऊन तिला जोडतात. चौकटीचाच घ्यावा. तीनबिंदूवर अडकवलेला हात जोराने खोदताना वर उचलला जाऊन चालकाला आसन आणि मडगार्ड यांच्यात चिरडू शकतो. शिवाय खोदाईचा सारा धक्का ट्रॅक्टरच्या मागच्या धडावर बसतो आणि ते तडकण्याची भीती असते. गावातल्या वेल्डरकडून धडाला भोके पाडून किंवा वेल्डिंग करून काहीही बसवू नका. ज्या ट्रॅक्टरसाठी उत्पादकाने जी जोडणी मान्य केली आहे तीच घ्या आणि तसे बिलावर लिहून घ्या, नाहीतर हमी गेली असे समजा.

दुसरी गोष्ट, समतोल. मागे तीन-चारशे किलोंचा हात लटकला की पुढची चाके हलकी होतात आणि वळणावर, चढावर सुकाणू लागत नाही. पुढे लोडर किंवा वजने असलीच पाहिजेत. तिसरी गोष्ट, होज पाइप, दाते आणि खिळी तालुक्याच्या गावी मिळतात काय? हंगामात आठ दिवस उभे राहिलेले यंत्र स्वस्त मिळाले असले तरी महागच.

चालवताना

नवीन यंत्राचे पहिले ५० तास नाजूक असतात. रोज नटबोल्ट तपासावेत. इंजिन तेल आणि हायड्रोलिकचा फिल्टर पुस्तिकेत सांगितलेल्या तासाला बदलावा, चार दिवस पुढे ढकलू नये. प्रत्येक सांध्याला दर ८-१० तासांनी ग्रीस द्यावे. बकेट आडवी फिरवून माती झाडण्याची सवय अनेकांना लागते. त्याने हाताच्या बुडाच्या खिळी लवकर जातात. हात ओढण्यासाठी आहे, झाडण्यासाठी नाही.

आता जिवाच्या गोष्टी. या प्रत्येकीमागे कोणाचे तरी घर बसलेले आहे, म्हणून कंटाळा न करता वाचा.

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला ९. पदर, उपरणे किंवा मफलर त्यात सापडला तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. झाकण काढून पीटीओ चालवू नये.

होज पाइपला सुईएवढे छिद्र पडून तेल उडत असेल तर हात लावून शोधू नका. दाबाचे तेल कातडीतून आत शिरते. वरून केवळ टोचल्यासारखे दिसते, पण आतले मांस सडून बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. यंत्र बंद करून, दाब सोडून, पुठ्ठ्याने गळती शोधावी. तेल शिरल्याची शंका जरी आली तरी दुखण्याची वाट न पाहता शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयात ताबडतोब जावे.

छातीइतक्या खोल चरात, बाजूंना उतार दिल्याशिवाय कोणीही उतरू नये. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाहून अधिक भरते. काळ्या जमिनीला भेगा असतात आणि भेगेवरून कड एकदम ढासळते. काढलेली माती चराच्या कडेपासून किमान दोन फूट दूर टाकावी. पाइप जोडायला 'एक मिनिट' म्हणून उतरलेला माणूस वर येत नाही, असे घडलेले आहे.

खोदण्यापूर्वी जमिनीखालची मोटारीची केबल आणि पाइप कोठून गेले आहेत ते फक्कीने आखून घ्यावे. वरच्या लोंबत्या तारांपासून हात दूर ठेवावा. हात तारेला लागलाच तर चालकाने आसन सोडू नये, इतरांनी ट्रॅक्टरला शिवू नये, आणि वीज बंद करवून मगच उतरावे. आग लागली तरच, दोन्ही पाय जुळवून, ट्रॅक्टरला न धरता लांब उडी घ्यावी.

उतरताना बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालावी. लेकरांना मडगार्डवर बसवू नये आणि चालत्या हाताच्या आवाक्यात येऊ देऊ नये. त्यांना ते खेळणे वाटते.

माती सांभाळा

शेवटी एक गोष्ट कृषी पदवीधर म्हणून सांगतो. हा हात जमिनीची उलथापालथ फार झटपट करतो. खोदताना वरची एक फूट सुपीक माती एका बाजूला आणि खालचा मुरूम-चुनखडी दुसऱ्या बाजूला टाका. भरताना खालची खाली आणि वरची वर गेली पाहिजे. ओल्या काळ्या जमिनीत खोदू नका. बकेटने खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, पाणी मुरत नाही आणि रोपाची मुळे कुंडीत अडकल्यासारखी राहतात. वाफसा आल्यावरच ट्रॅक्टर शेतात घाला.

निचऱ्याचा चर काढताना दर १०० फुटांना किमान ३ इंच उतार पाण्याच्या नळीने तपासून घ्या. सांगली-कोल्हापूरच्या कृष्णाकाठी क्षारपड झालेल्या जमिनीत सच्छिद्र पाइपांचा भूमिगत निचरा उपयोगी ठरला आहे. पण पाइपांतले पाणी ओढ्यापर्यंत पोचले तरच. एकट्याच्या बांधापर्यंत आणून सोडलेले पाणी शेजाऱ्याची जमीन बिघडवते. निचऱ्याची आखणी सर्वांनी मिळून, जाणकाराकडून करून घ्या आणि मगच खोदायला लागा.

तेव्हा बंधू-भगिनींनो, यंत्राला नाही म्हणू नका, पण घाईने होही म्हणू नका. आजच दोन रुपयांची नको, शंभर पानांची चांगली वही आणा. तारीख, काम, लांबी-रुंदी-खोली, लागलेले गडी किंवा तास, आणि 'मोठे यंत्र आले असते काय?' असे पाच रकाने आखा. वही घरातल्या हिशेबी हाताकडे द्या. पुढच्या अक्षय्य तृतीयेला ती उघडाल, तेव्हा ट्रॅक्टरच्या दुकानात जायचे, शेजाऱ्याच्या ओसरीवर जायचे की भाड्याच्या यंत्राला निरोप धाडायचा, हे तुम्हाला कोणाला विचारावे लागणार नाही.